पाणी पाजलेला तारा

टाइल भिंतीवर चढवण्याआधी तिला पाणी पाजायचं असतं, हे मी एकोणिसाव्या वर्षी पनवेलला शिकलो. शिकवणारे मिस्त्री दापोलीकडच्या खाडीकाठचे मुसलमान. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. टाइल तहानलेली असते, असं चाचा सांगायचे. तिला बालदीतच पोटभर पाजलं नाही, तर भिंतीवर गेल्यावर ती मागच्या सिमेंटचं पाणी ओढते, सिमेंट अशक्त राहतं आणि सहा महिन्यांत टाइल आपली आपण खाली उतरते. म्हणून आधी बालदीत सोडायची, बुडबुडे यायचे थांबले की काढायची, उभी करून निथळायची आणि मग लावायची. टाइल पिणारी आहे की नाही हे ओळखायला तिच्या पाठीला जीभ लावायची. जीभ चिकटली तर पिणारी. मी आजवर हजारो टाइलांच्या पाठी चाटल्या आहेत आणि हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही.

रियाधला आलो त्याला आता चोवीस वर्षं झाली. इथे गोणीतला चिकट मसाला मिळतो आणि टाइलाही काचेसारख्या घट्ट, थेंबभर पाणी पीत नाहीत. नवी पोरं बालदी आणतच नाहीत. मी मात्र माझी बालदी कामगारांच्या कॅम्पातून साइटवर आणि साइटवरून कॅम्पात नेत राहिलो. आमचा सुपरवायझर साताऱ्याकडचा, माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा. तो म्हणायचा, मिस्त्री, बालदीचापण इकामा काढून घ्या. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. मी हसायचो नाही. माझ्या कामाची कोणी चेष्टा केली की माझं डोकं फिरतं. ही जुनी खोड आहे आणि पुढे जे झालं त्यात तिचाही वाटा आहे.

दोन वर्षांपूर्वी रियाधच्याच अल मलाझ भागातल्या एका घरी मला पाठवलं ते या बालदीमुळेच. हाताने घडवलेल्या, पाणी पिणाऱ्या टाइला लावायची सवय असलेला माणूस हवा, असा तिथून निरोप होता. कंपनीत तसा मी एकटाच उरलो होतो. घर जुनं, दुमजली, अंगणात खजुरीची दोन झाडं. मालकीणबाई विद्यापीठात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्याशी त्या सोप्या इंग्रजीत, मधेच अरबीत बोलायच्या, आणि मी साइटवरच्या इंग्रजीत उत्तर द्यायचो. दोघांनाही घाई नव्हती, म्हणून सगळं समजायचं.

त्यांच्या बैठकीच्या खोलीतली एक अख्खी भिंत करायची होती. आठ टोकांचे तारे टोकाला टोक लावून मांडले की चार ताऱ्यांच्या मधे फुलीच्या आकाराची जागा उरते. तिथे फिरोजी रंगाच्या टोकदार फुल्या बसवायच्या. फुल्या आणि बहुतेक तारे तुर्कस्तानातून नवे करून आणले होते. पण मधोमध सात तारे बसायचे होते ते जुने, सातआठशे वर्षांपूर्वीचे, इराणातल्या काशान गावच्या भट्टीतले. बाईंच्या वडिलांनी ते आयुष्यभरात एकेक करून जमवले होते. वडील इथल्याच उत्तरेकडच्या हाइल गावी शाळामास्तर होते. सुट्टीत कुठे परदेशी गेले की जुन्या वस्तूंच्या दुकानांतून फिरायचे आणि येताना डोक्याच्या रुमालात गुंडाळून एखादा तारा आणायचे.

पहिल्या दिवशी बाईंनी मला ते सातही तारे दाखवले. मला आधी वाटलं, सोन्याचा मुलामा आहे. तसं नव्हतं. गारगोटीची पूड, थोडी काच आणि पांढरी माती कालवून टाइल घडवायची, पांढरी झिलई देऊन भाजायची. मग चांदी-तांब्याच्या रंगाने तिच्यावर चित्र काढायचं आणि धुराच्या भट्टीत दुसऱ्यांदा भाजायची. बाहेर आली की पुसायची. रंगाची माती निघून जाते आणि खाली धातूची झाक उरते. हे बाईंनी मला स्टुलावर बसून, वर्गात शिकवावं तसं सांगितलं. पस्तीस वर्षं टाइलचं काम करणाऱ्या मला कोणी कधी टाइलबद्दल काही शिकवत बसलं नव्हतं. टाइल म्हणजे बाथरूम, एवढीच आमची झेप. एका ताऱ्याच्या कडेला झिलईचा ओघळ आला होता आणि त्यात कारागिराच्या बोटाचा ठसा राहिला होता. मी त्यावर माझं बोट ठेवून बघितलं. त्याचं बोट माझ्याहून बारीक होतं.

सातांतला सगळ्यात लाडका तारा सशाचा. कान मागे टाकून बसलेला ससा, भोवती पानं, कडेने निळ्या पट्टीत अक्षरं. हाइलच्या गव्हाच्या शेतांत वडिलांनी लहानपणी ससे पकडले होते. हा आपल्याच गावचा ससा आहे, इराणात जाऊन हरवला होता, मी परत आणला, असं ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. बाई हे सांगताना हसल्या आणि मग डोळे पुसले.

जुने तारे मसाल्याने चिकटवायचे नव्हते. त्यांच्यासाठी भिंतीत तेवढे खळगे सोडायचे आणि पितळी चिमट्यांनी ते आत अडकवायचे, म्हणजे पुढेमागे काढता येतील. आठवडाभरात मी फुल्या आणि नवे तारे लावून घेतले. हाताने केलेला माल, एकासारखं एक नाही, भावंडांसारखे सगळे थोडे थोडे वेगळे. सांधे जुळवताना घाम फुटला, पण भिंत अशी उतरली की बाई रोज सकाळी कॉफी घेऊन तिच्यासमोर उभ्या राहायच्या.

मग सशाचा दिवस आला. तारा खळग्यात धरून बघितला तर तो भिंतीच्या बाहेर येत होता. त्याच्या पाठीवर कोणा जुन्या दुकानदाराने थापलेले प्लॅस्टरचे गोळे होते. पाठ साफ करून घ्या, पण हळू, असं बाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. त्या सकाळी त्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी विचार केला, पटाशी लावावी तर टवका उडेल. सगळ्यात हळुवार काय, तर पाणी. ताऱ्याच्या पाठीला जीभ लावली. घट्ट चिकटली. सातशे वर्षांची तहान, म्हटलं पी पोटभर, आणि बालदीत सोडला.

बुडबुडे भरपूर आले. मी समाधानाने बघत होतो. थोड्या वेळाने पाणी दुधाळ झालं. प्लॅस्टर सुटतंय, वाटलं. मग वर तांबूस तवंग आला. मी दोन्ही हात घालून तारा उचलला तर अर्धाच हातात आला. सशाचं डोकं बालदीच्या तळाशी चिखल होऊन पडलं होतं. मागचे पाय आणि पाठ माझ्या तळहातावर, आणि कान पाण्यात विरघळत होते.

पस्तीस वर्षांत गिऱ्हाइकाची एक टाइल माझ्या हातून फुटली नव्हती, हे मी ज्याला त्याला ऐकवत आलो होतो. आता फुटली ती ही.

दुपारी सुपरवायझर फेरीला आला. त्याने बालदीत बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. माझा इकामा त्याच महिन्यात नवा व्हायचा होता. त्या वर्षी कंपनीने पन्नाशी उलटलेल्या दोघांना किरकोळ तक्रारीवरून घरी पाठवलं होतं आणि मी चोपन्नचा होतो. या घरातून एक फोन गेला की माझं खलास होतं. बावीस वर्षांनंतर डाग घेऊन गावी उतरायचं, आणि लोकांनी विचारल्यावर काय सांगायचं, सशाचं डोकं विरघळवलं म्हणून?

सुपरवायझर वाईट माणूस नाही. मला वाचवायलाच तो आवाज खाली आणून म्हणाला, "मिस्त्री, गप बसा. तुकडे वाळवू, प्लॅस्टरनं भरू. बत्ह्याच्या बाजारात दुकानांचे बोर्ड रंगवणारा एक जण माझ्या वळखीचा हाय. सशाचं काय, हत्तीचं डोकं काढून देईल. बाईला कळायचं न्हाई."

मी गप्प बसणारच होतो. खोटं कशाला सांगू, मला ते ऐकून हायसं वाटलं होतं. पण बालदीतला चिखल बोटांत घेऊन बघता बघता माझ्या लक्षात आलं की हे गारगोटीचं अंगच नाही. हे साधं प्लॅस्टर. भाजलेली टाइल पाण्यात कधी विरघळत नाही, हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज होती का? म्हणजे माझ्याआधी कोणीतरी नेमकं हेच केलं होतं. अर्धा फुटका तारा घेऊन, प्लॅस्टर भरून, कुठल्या तरी बोर्डवाल्याकडून डोकं रंगवून घेतलं होतं आणि एका शाळामास्तराला तो अख्खा म्हणून विकला होता. उरलेला भागही एका ताऱ्याचा नव्हता. एका तुकड्याची जाडी वेगळी, दुसऱ्याची वेगळी.

माझं डोकं फिरलं. मला प्रामाणिकपणाचा झटका आला असं कोणी समजू नये. त्या लबाड कारागिराच्या पंक्तीला मला बसायचं नव्हतं, एवढंच. सुपरवायझरला मी सांगितलं, तू जा, मी बाईंना सांगतो. त्याने कपाळाला हात लावला, पण तो गेला नाही. दाराशी थांबून राहिला.

बाई आल्या. मी बालदी पुढे केली आणि जे झालं ते सगळं सांगितलं, जिभेपासून चिखलापर्यंत. इंग्रजी कमी पडली तिथे हातांनी सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. अबाया सावरून त्या फरशीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, यातलं खरं काय आहे ते दाखवा.

मग आम्ही दोघं जमिनीवर बसून तुकडे निवडत राहिलो. पाढे म्हटल्यासारखं मी एकेकाला हात लावून सांगत होतो, हा खरा, हा खरा, हे प्लॅस्टर. मागचे पाय आणि पाठ खरी. पानांचा तुकडा खरा, पण दुसऱ्या ताऱ्याचा. अक्षरांची पट्टी निम्मी खरी. डोकं, कान, डोळा, सगळं रंगवलेलं. ज्या डोळ्याकडे बघून वडील म्हणायचे की हा मला ओळखतो, तो डोळा कधी काशानला गेलाच नव्हता. बाईंनी पाण्यात बोट बुडवून तांबूस रंग बघितला आणि उठून आतल्या खोलीत गेल्या. त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. टाइल फोडली याचं मला जेवढं वाईट वाटलं नव्हतं तेवढं त्या बंद दाराकडे बघताना वाटलं. एका मुलीच्या मनातला बाप मी बालदीत घातला होता.

त्या बाहेर आल्या तेव्हा सुपरवायझरने घाईघाईने माफी मागितली. या माणसाला आजच काढतो, उद्या दुसरा मिस्त्री पाठवतो, असं तो म्हणाला. त्याला दुसरं काही बोलताच येत नव्हतं, त्याची नोकरीही माझ्याबरोबर टांगलेली होती.

बाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दुसरा आला तर तोही एखादा तारा पाण्यात घालेल. हे आता कधीच घालणार नाहीत. उद्या हेच येऊ देत."

मी मान खाली घालून उभा होतो. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही. आयुष्यात मला बक्षिसं मिळाली आहेत, कंपनीचं एक घड्याळसुद्धा मिळालं आहे. पण चूक झालेल्या दिवशी कोणी मला उद्या ये म्हटलं, ते त्या एकदाच.

कैरोच्या कोणा जाणकाराला बाईंनी फोन लावला. त्याच्या सांगण्यावरून तुकडे उन्हात न ठेवता सावलीत, कोरड्या कापडावर चार दिवस सुकवले. मधे शुक्रवारची सुट्टी आली. मी बत्ह्याला जेवायला गेलो होतो, तिथल्या गर्दीतून चाचांना फोन केला. चाचा आता ऐंशीच्या पुढे आहेत, गावीच असतात. सगळं ऐकून ते म्हणाले, मी असतो तर मीपण पाणीच पाजलं असतं. मग माझी खरडपट्टीही काढली, की झिलईची चीज दुसऱ्याची असली की आधी विचारायचं असतं, एवढंही शिकवायला हवं होतं का. त्यांच्या शिव्या ऐकून मला बरं वाटलं.

सुकल्यावर खरे तुकडे खळग्यात आपापल्या जागी बसवले. जिथे काही नव्हतं तिथे साधा पांढरा चुना भरला, तोही किंचित आत दबलेला, म्हणजे नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते कोणालाही बघताक्षणी कळावं. भिंतीवर आता बिनडोक्याचा ससा बसला आहे. त्याच्याखाली बाईंनी अरबी आणि इंग्रजीत पाटी लावली. मी ती त्यांच्याकडून वाचून घेतली. वडिलांचा उल्लेख आहे, हाइलचा आहे, आणि मग असं लिहिलं आहे की यातला निम्मा भाग नंतरचा होता हे भिंत करताना मिस्त्रींच्या लक्षात आलं. लक्षात आलं! मी बुडवलं होतं, आणि बाईंनी लक्षात आलं असं लिहिलं. मी तसं म्हणूनही बघितलं, पण त्यांनी शब्द बदलला नाही.

उरलेल्या सहा ताऱ्यांचा प्रश्न राहिला होता. तो बाई रोज टाळत होत्या आणि मीही काढत नव्हतो. शेवटी एका सकाळी त्यांनीच विचारलं, हेही तसेच आहेत का, आणि न भिजवता कळतं का. कळतं. लावलेली टाइल आतून पोकळ आहे का हे बघायला आम्ही बोटाच्या पेराने ठोकून बघतो. अखंड टाइल तीन बोटांवर पेलून हलकेच टिचकी मारली तर ती वाजते. भरलेली असेल तर आवाज बद्द येतो.

मी हात तीन वेळा धुऊन पुसले. बाईंनी एकेक तारा स्वतः उचलून माझ्या बोटांवर ठेवला. खोलीत एसीचा आवाज नको म्हणून त्यांनी तोही बंद केला होता. पाच तारे छान वाजले, पितळी पेला वाजावा तसे. एक वाजला नाही. मी पुन्हा टिचकी मारली. आवाज बद्दच.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्या क्षणी खोटं बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं, आणि या वेळी ते माझ्या फायद्यासाठीही नव्हतं. एक शब्द बोललो असतो तर त्या सुखाने झोपल्या असत्या. पण ज्या बाईने मला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं तिला मी काय तोंडाने खोटं सांगणार? मी म्हणालो, मॅडम, पाच.

त्यांनी तो तारा माझ्या हातातून घेतला. खिडकीपाशी नेऊन उजेडात उलटसुलट करून बघितला. त्यावरून अंगठा फिरवला. मग परत आल्या आणि तो माझ्या हातात ठेवला.

"बाबांसाठी एवढा एक अख्खा राहू दे," त्या म्हणाल्या. "लावा तुम्ही."

मी लावला. चिमटे पहिल्याच खेपेला बसले. माझा इकामा त्या महिन्यात नवा झाला. बाईंनी कंपनीला पत्र दिलं आणि पुढे स्वयंपाकघराचं कामही मलाच दिलं. अजूनही ईदला त्यांचा ड्रायव्हर कॅम्पात खजूर आणून देतो. पण मी त्यांचे उपकार मानतो ते यासाठी नाही. ज्या हातांनी त्यांच्या वडिलांचा ससा बुडवला त्याच हातांवर त्यांनी एकामागून एक सहा तारे ठेवले, आणि ठेवताना एकदाही सांभाळून असं म्हणाल्या नाहीत.

आता त्यांच्याकडे विद्यार्थी येतात, पाहुणे येतात, बिनडोक्याच्या सशापाशी थांबून पाटी वाचतात. कधी मी तिथे असलो तर कोणी विचारतं, बाकीचे सहा खरे ना? मी म्हणतो, बाईंच्या वडिलांनी आणलेले आहेत. त्यातला कोणता बद्द वाजला, हे बाईंना आणि मला माहीत आहे. सुपरवायझरला नाही, चाचांना नाही, माझ्या बायकोलाही नाही. आणि इथे इतकं सगळं लिहिलं, तरी तेवढं मी लिहिणार नाही.